सहल, मोबाईल आणि फोटो : केळझरच्या क्षेत्रभेटीचा एक पाठ



डिसेंबर-जानेवारी म्हणजे शाळांच्या सहलींचे दिवस. सहलीहून परत आलं की दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. मागच्या एका सहलीनंतर मी सहज मोजले, तर तीनशेच्या वर फोटो निघाले. त्यातले बहुतेक एकाच प्रकारचे: बॅनर धरून उभी असलेली मुलं, दोन बोटं वर केलेली मुलं, आणि मागे कुठेतरी अर्धवट कापलेला मंदिराचा कळस. वर्गात मी एक फोटो मोठा करून दाखवला आणि विचारलं, "हे कुठलं ठिकाण? मागे काय दिसतंय?" वर्ग गप्प. फोटो काढणाऱ्यालाही सांगता येईना.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच सहलीतला एक फोटो मला चांगलाच धडा देऊन गेला. आजचा हा पाठ त्या फोटोमुळे लिहितो आहे. तो मुलांसाठी आहेच, पण आधी आपल्या मोठ्यांसाठी आहे.

एका फोटोची गोष्ट

केळझरला टेकडीवरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही खाली उतरलो होतो. पायथ्याशी एक आजी हार-फुलं विकायला बसतात. सहलीनंतर आठवड्याभराने मी घरच्यांसोबत पुन्हा तिकडे गेलो, तेव्हा आजींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या पोट्ट्यानं माया फोटो काढला. मी जेवत होती. तोंडात घास होता माया. अगोदर इचारलं असतं त पदर तरी नीट घेतला असता न जी."

आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. आमच्या एका विद्यार्थ्याने तो फोटो वर काहीतरी गमतीची ओळ लिहून स्टेटसला ठेवला होता. गावातल्या कुणीतरी तो आजींच्या नातीला दाखवला होता. पोरगा वाईट नाही. वर्गात सगळ्यांना मदत करणारा आहे. चूक माझी होती. रस्ता कसा ओलांडायचा, डबा कुठे खायचा, बसमध्ये कुणी कुठे बसायचं, हे सगळं मी सहलीआधी सांगितलं होतं. मोबाईल हातात घेऊन परक्या गावात कसं वागायचं, हे मात्र सांगितलं नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण

मुलांना नुसतं "विचारून फोटो काढा" म्हटलं तर ती मान डोलावतात आणि विसरतात. उदाहरण दिलं तर लक्षात राहतं. सुदैवाने असं उदाहरण शोधायला आपल्याला वर्धा जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. या गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं. तिथे आश्रमाच्या कार्यालयात काम करणारे एक तरुण होते, कनू गांधी. ते गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव. त्यांना फोटो काढायची इच्छा होती. घनश्यामदास बिर्लांनी त्यांना १०० रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी फोटो काढायला परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि या छंदासाठी आश्रम पैसे देणार नाही.

या तीन अटी पाळून कनूंनी जे फोटो काढले, त्यांतून आज आपल्याला आश्रमातले रोजचे गांधीजी दिसतात. आता वर्गात एक प्रश्न विचारा: "अटी कुणी घातल्या? फोटो काढणाऱ्याने की ज्याचा फोटो काढायचा त्याने?"

मुलं बरोबर उत्तर देतात. मग लगेच आजींची गोष्ट सांगा. गांधीजींची अट होती, पोझ द्यायला लावू नका. आजींची अट होती, पदर नीट घेऊ द्या. दोन्ही अटी वेगळ्या आहेत, एका अर्थी उलटच आहेत. पण दोन्ही ठिकाणी अट घालण्याचा हक्क फोटोतल्या माणसाचा आहे. आजींना ती अट सांगायची संधीच कुणी दिली नाही, एवढाच फरक. या पाठाचं सार इतकंच आहे. पुढचं सगळं त्याचं विवरण समजा.

सहलीचा मार्ग

एका दिवसात नीट होईल असा मार्ग: सकाळी केळझर, मग पवनार, आणि दुपारनंतर सेवाग्राम.

*केळझर* नागपूर-वर्धा मार्गावर, सेलू तालुक्यात आहे. नागपूरहून सुमारे ५२ आणि वर्ध्याहून सुमारे २६ किलोमीटर. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक आहे. नागपूरची टेकडी, अदासा, रामटेक, भंडाऱ्याचा मेंढा, पवनी, कळंब आणि भद्रावती ही बाकीची ठिकाणं नकाशात शोधायला सांगा. भूगोलाचा तास तिथेच होतो.

*पवनार* धाम नदीच्या काठी आहे. विनोबा भावे इथे १९३८ मध्ये आले. आश्रमाच्या जागेवर जमीन खणताना त्यांना राम-भरत भेटीचं जुनं शिल्प सापडलं. स्त्रियांसाठीचं ब्रह्मविद्या मंदिर त्यांनी इथे १९५९ मध्ये सुरू केलं.

*सेवाग्रामला* आदिनिवास आणि बापू कुटी पाहायची. कनू गांधींची गोष्ट मुलांना आधीच माहीत असेल, तर तिथे ती वेगळ्याच डोळ्यांनी बघतात.

सहलीआधीची तयारी

१. *गट करा.* पाच मुलांचा एक गट आणि एका गटाला एकच मोबाईल. तो शक्यतो शिक्षकाचा किंवा शाळेचा असावा. घरी मोबाईल नसलेली मुलं यामुळे मागे राहत नाहीत, आणि महागडा फोन कुणाकडे आहे याची चढाओढ राहत नाही.

२. *कामं वाटा.* एक जण फोटो काढेल, एक जण वहीत नोंद करेल, एक जण माणसांशी बोलून परवानगी घेईल, एक जण मोजमाप आणि रेखाटन करेल, आणि एक जण पाय कुठे पडतात याकडे लक्ष ठेवेल. प्रत्येक ठिकाणी कामं बदलायची. परवानगी घेण्याचं काम लाजऱ्या मुलाला एकदा तरी द्याच. "नमस्कार आजी, आम्ही शाळेतून आलो. तुमचा फोटो काढला तर चालेल का?" एवढं वाक्य वर्गात दोन-चार वेळा म्हणून घ्या. समोरचा "नाही" म्हणाला तर काय म्हणायचं, याचाही सराव घ्या. उत्तर सोपं आहे: "बरं आजी, हरकत नाही." आणि मोबाईल खिशात.

३. *बारा फोटोंचं रीळ.* कनू गांधींच्या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या रिळात १२ फोटो बसत. आपणही तोच नियम ठेवू. एका गटाला दिवसभरात १२ फोटो. काढलेला पुसून दुसरा काढायचा नाही. पहिल्यांदा हा नियम सांगितला तेव्हा मुलांनी नाकं मुरडली. पण पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्यात वाद सुरू झाले: "हा नको, पुढे चांगला मिळेल." "अरे पण मूर्तीच्या बाजूची नक्षी राहिली ना!" फोटो काढण्याआधी बघणं सुरू झालं की आपलं निम्मं काम झालं.

फोटो चांगला येण्यासाठी काही सोप्या गोष्टी

*लेन्स पुसा.* हसू नका. खिशातला धूर, घाम आणि चिवड्याचं तेल यांनी जितके फोटो खराब होतात तितके दुसऱ्या कशाने होत नाहीत. स्वच्छ सुती कापड पुरे.

*उजेडाची वेळ ओळखा.* हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातला उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा एक तास सगळ्यात चांगला. सूर्य खाली असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या जास्त थरातून येतो. निळा प्रकाश वाटेत विखुरतो आणि आपल्याकडे पिवळसर-तांबूस, मऊ प्रकाश पोचतो. विज्ञानातला प्रकाशाच्या विकिरणाचा धडा इथे डोळ्यांना दिसतो. म्हणून केळझरला सकाळी आठच्या आत पोचा. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हाने चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तेव्हा माणसांचे फोटो झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत घ्या.

*दगडावरच्या कोरीव कामाला बाजूचं ऊन हवं.* समोरून ऊन पडलं की नक्षी सपाट दिसते. तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खाचेत सावली उतरते आणि नक्षी उठून दिसते. अक्षरं किंवा नक्षी स्पष्ट दिसावी म्हणून दगडावर खडू, हळद, चुना किंवा पाणी लावायचं नाही. थोडं थांबा, सूर्य आपोआप ते काम करेल.

*झूम करू नका, चालत जवळ जा.* बोटांनी झूम केल्यावर मोबाईल बहुधा चित्राचा तुकडाच मोठा करतो आणि फोटो फाटल्यासारखा दिसतो. जवळ जाता येत नसेल तर तो फोटो सोडून द्या.

*लांबून, मधून, जवळून.* एका वस्तूचे तीन फोटो घ्या. पहिला लांबून, म्हणजे टेकडी, पायऱ्या, परिसर दिसेल. दुसरा मधल्या अंतरावरून, म्हणजे पूर्ण वस्तू दिसेल. तिसरा जवळून, एखादा बारकावा टिपायला. बारकाव्याच्या फोटोत शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. मूर्तीजवळ किंवा पूजेच्या जागी मात्र पट्टी ठेवायची नाही.

*समोरून उजेड असेल तर* चेहरा काळा पडतो. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवा, मोबाईल उजेड जुळवून घेतो. त्याहून सोपं म्हणजे आपणच फिरून उभं राहायचं.

*गाभाऱ्यात आणि कुटीत फ्लॅश नको.* आधी तिथल्या माणसाला विचारा, फोटो चालतो का. चालत असेल तर कोपर भिंतीला टेकवून श्वास रोखा आणि मग बटण दाबा. हात हलला नाही तर कमी उजेडातही फोटो नीट येतो.

आणि एक नियम ज्याला अपवाद नाही: *विहीर, कुंड, नदीचा काठ, कठडा आणि रस्ता या पाच ठिकाणी पडद्याकडे बघत मागे पाऊल टाकायचं नाही.* केळझर आणि पवनार दोन्हीकडे जायचं तर वर्दळीचा रस्ता आहे आणि पवनारला नदी आहे. सेल्फी या पाचही ठिकाणी बंद.

फोटोखाली काय लिहायचं?

खरा अभ्यास इथून सुरू होतो. ओळ नसलेला फोटो दहा वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही. पण ओळ लिहितानाही एक शिस्त लागते. मी मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावतो: *मी पाहिलं, मला सांगितलं, मी वाचलं.*

केळझरचंच उदाहरण घ्या. टेकडी, पायऱ्या, मूर्ती, जुने दगड हे "मी पाहिलं" मध्ये येतं. गावातले लोक सांगतात की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. पांडव इथे राहिले आणि भीमाने बकासुराला इथेच मारलं. इथे जुना किल्ला होता असंही सांगतात. हे सगळं "मला सांगितलं" मध्ये.

आता गंमत बघा. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलचे लोकही आपलं गाव म्हणजे एकचक्रानगरी असं सांगतात. तिथे पांडववाडा आहे, आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीच्या परिसरात बकासुराची तीच कथा सांगितली जाते. मुलं लगेच विचारतात, "सर, मग खरं कुठलं?" घाईने निकाल देऊ नका. उलट विचारा, "एकच गोष्ट दोन गावांना आपली का वाटत असेल?" लोककथेकडे आदराने आणि डोळसपणे बघायला मुलं इथे शिकतात. फोटोखाली "भीमाने बकासुराला मारलं ती जागा" असं लिहायचं नाही. "भीमाने बकासुराला इथे मारलं असं गावकरी सांगतात" असं लिहायचं. दोन शब्द वाढले, पण वाक्य खरं झालं.

"मी वाचलं" या रकान्यासाठी पवनार चांगलं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असं मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. इतर काही अभ्यासकांच्या मते ती राजधानी रामटेकजवळच्या मनसरला असावी. म्हणजे विद्वानांतही एकमत नाही. आठवी-नववीच्या मुलांना हे कळलं की इतिहासाचं पुस्तक त्यांना जरा जिवंत वाटायला लागतं.

सहलीनंतर

परत आल्यावर प्रत्येक गटाने आपल्या १२ पैकी ५ फोटो निवडायचे. प्रत्येक फोटोखाली तीन ओळी लिहायच्या आणि "हाच का निवडला?" हे वर्गात सांगायचं. मग भिंतीवर प्रदर्शन लावायचं. गुण देताना मी असा हिशेब ठेवतो: २० पैकी फोटोच्या स्पष्टतेला ४, खालच्या ओळींना ८, तीन रकान्यांच्या नोंदींना ४ आणि परवानगी व वागणुकीला ४. कॅमेरा कितीही भारी असला तरी त्यामुळे जास्तीत जास्त चारच गुण मिळतात, हे मुलांच्या लवकर लक्षात येतं.

माणसांचे फोटो असतील तर एक काम आणखी आहे: त्यांना प्रत नेऊन द्यायची. साधा ४ बाय ६ इंचाचा प्रिंट कुठल्याही फोटो स्टुडिओत थोडक्या पैशांत मिळतो.

पालकांसाठी

मुलांचे सहलीचे फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकताना दोन मिनिटं थांबा. गणवेशावर शाळेचं नाव, फोटोत ठिकाण, खाली मुलाचं नाव आणि इयत्ता, एवढं एकत्र आलं की अनोळखी माणसाला बरंच काही कळतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ग्रुप फोटोत दुसऱ्यांचीही लेकरं असतात, त्यांच्या आईवडिलांना विचारा. आणि घरात मूल रडत असताना, जेवताना किंवा झोपलेलं असताना "किती गोड!" म्हणून त्याचा फोटो टाकण्याआधी, कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारा. घरी ज्याला कुणी विचारलं नाही, ते मूल बाहेर कुणाला विचारेल?

आपल्यापैकी काहींची मुलं-सुना आता परदेशी आहेत, काही पालक त्यांच्याकडे जाऊनही येतात. तिकडेही हीच शिस्त उपयोगी पडते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाही. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये तर फोटो काढायलाच मनाई आहे. जर्मनीची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८९८ मध्ये बिस्मार्क वारले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री चोरून त्यांच्या घरात शिरून मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून देशभर वाद झाला, खटला झाला. पुढे १९०७ मध्ये कायदाच आला, की माणसाचं चित्र प्रसिद्ध करायचं तर त्याची संमती हवी. केळझरच्या आजी जे मला पायथ्याशी बसून म्हणाल्या, ते तिकडे शंभरहून जास्त वर्षं कायद्यात लिहिलेलं आहे.

शेवटी त्या फोटोचं काय झालं?

मी त्या मुलाला वर्गासमोर काही बोललो नाही. बाजूला घेऊन आजींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्याने फोटो पुसला, आणि दोन दिवस नीट बोललाच नाही. पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांना सांगून आम्ही दोघं केळझरला गेलो. तो आजींसमोर उभा राहिला, पण तोंडातून शब्द फुटेना. आजीच म्हणाल्या, "बस इथं." मग त्याने हळूच विचारलं, "आजी, आता काढू का?" आजींनी पदर डोक्यावरून घेतला, पुढ्यातले हार सरळ केले, आणि मग मान हलवली.

त्याने एकच फोटो काढला. प्रिंट द्यायला गेलो तेव्हा आजींनी तो लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हां, हे मी आहो."

यंदा सहलीआधी परवानगीचं वाक्य वर्गाकडून म्हणून घ्यायचं काम मी त्याच मुलाकडे दिलं आहे. तुमच्या शाळेची सहल कुठेही जाणार असो, हा पाठ आपल्या गावाप्रमाणे बदलून जरूर घेऊन बघा. तुमच्या मुलांनी तीन रकान्यांत काय लिहिलं, ते वाचायला मला आवडेल.